दांडिया बाजारातला जिना विकावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात आपले वडिलोपार्जित घर आहे. तळाला दोन दुकाने, दोन्ही जुन्या भाडेकरूंच्या ताब्यात, त्यांच्या मधून वर जाणारा साडेतीन फूट रुंदीचा जिना आणि वर दोन मजले. वर आता एकट्या आत्याबाई राहतात. बाकीच्या खोल्यांना कुलूप आहे. उजवीकडच्या तयार कपड्यांच्या दुकानदाराने जिन्याची जागा मागितली आहे. जिना काढून तेवढी रुंदी दुकानात घ्यायची आणि वर जाण्यासाठी मागच्या बोळातून लोखंडी जिना बसवून द्यायचा, असा त्याचा प्रस्ताव आहे, आणि त्यासाठी तो देऊ करीत असलेली रक्कम वरच्या दोन्ही मजल्यांना मिळेल त्या किमतीहून जास्त आहे. जागा द्यावी का, असे आपण विचारता. त्याच ओघात हेही विचारता की मॉल आणि ऑनलाइन खरेदीमुळे हे जुने बाजार संपलेच असतील, तर मिळतील ते पैसे घेऊन मोकळे का होऊ नये.

मी बडोद्यात पस्तीस वर्षे वास्तुविशारद म्हणून काम केले आणि त्यातला मोठा काळ कोटाच्या आतल्या व बाहेरच्या बाजाररस्त्यांची मोजणी करण्यात, घरांचे नकाशे काढण्यात आणि दुकानदारांशी बोलण्यात गेला. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: जिना देऊ नये. मात्र हे भावनेपोटी सांगत नाही. बाजाराचा रस्ता कसा बदलतो हे समजून घेतले, तर समोर ठेवलेली रक्कम मोठी का दिसते आणि वरच्या मजल्यांची किंमत इतकी खाली का आली आहे, या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

आपल्याकडचे बाजार कोणी आखून वसवलेले नाहीत; पावलांच्या वाटेवर ते जमत गेले. बडोद्याच्या कोटाला लहरीपुरा, पाणीगेट, गेंडीगेट आणि चांपानेर असे चार दरवाजे, आणि त्यांना जोडणारे दोन रस्ते शहराच्या मध्यावर मांडवीपाशी एकमेकांना छेदतात. जुना व्यापार त्या फुलीवर होता. १८६१ मध्ये रेल्वे आली, तिचे स्थानक विश्वामित्री नदीच्या पलीकडे पश्चिमेला झाले, आणि स्थानकापासून लहरीपुऱ्यापर्यंतची वाट शहराची मुख्य वाट बनली. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत याच बाजूला एकामागून एक सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या: रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर आणि न्यायमंदिर ही दोन्ही १८९६ ची, खंडेराव मार्केट १९०६ चे. यांतली एक मंडई सोडली तर एकही वास्तू व्यापारासाठी वापरली गेली नाही, परंतु प्रत्येकीने रस्त्यावर रोजची माणसे आणून सोडली. रावपुरा आणि दांडिया बाजार या दोन रस्त्यांची भरभराट त्या माणसांवर झाली. आणि तितकीच, किंबहुना अधिक, ती दुकानांच्या डोक्यावर राहणाऱ्या कुटुंबांवर झाली, ज्यांत आपली मराठी घरे पुष्कळ होती.

बाजाररस्त्याला दोन प्रकारचे गिऱ्हाईक असते, आणि सगळा बदल या दोहोंच्या प्रमाणातला बदल आहे. एक माडीवरचे गिऱ्हाईक: वरच्या मजल्यावर, मागच्या वाड्यात, शेजारच्या पोळीत, म्हणजे घरांच्या बंदिस्त गल्लीत, राहणारे. ते सकाळी सातला दुधाला उतरते, दुपारी औषधाला आणि रात्री साडेआठला वाटीभर दह्याला उतरते. एका वेळी थोडेच घेते, पण दिवसातून तीनदा येते. दुसरे बाहेरून येणारे गिऱ्हाईक: ते महिन्यातून किंवा लग्नसराईत एकदा येते, अकरानंतर येते, अंधार पडायच्या सुमारास परतते, आणि एका फेरीत पुष्कळ घेते. पहिल्या गिऱ्हाइकावर वाणी, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, शिंपी, वह्या-पेन्सिलींचे दुकान आणि औषधांचे दुकान जगते. दुसऱ्यावर कापड, सोने, भांडी आणि लग्नपत्रिका जगतात. दोन्ही असतात तोवर रस्ता सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत जागा असतो आणि एकाची मंदी दुसऱ्याच्या तेजीत भरून निघते.

माडीवरचे गिऱ्हाईक कमी होऊ लागले की दुकाने एका ठरावीक क्रमाने बदलतात. आधी पिठाची गिरणी जाते, कारण गव्हाचा डबा घेऊन कोणी शहर ओलांडत नाही. अर्थात आता बडोद्यात घरोघरी घरघंटी आली आहे आणि तयार पीठही मिळते, म्हणून केवळ गिरणीवरून निदान करू नये. तिच्याबरोबर इस्त्रीवालाही गेला असेल तर मात्र माड्या रिकाम्या झाल्या असे खुशाल समजावे. त्यानंतर वाणी आपल्या दुकानाचा अर्धा भाग मोबाइलच्या कव्हरांना देतो. मग शिंप्याच्या जागी तयार कपडे येतात, तयार कपड्यांना रुंद दर्शनी भाग लागतो, आणि दर्शनी भाग वाढवायला दोन दुकानांमधला जिना तेवढा शिल्लक असतो. आपण आज नेमके या पायरीवर उभे आहात. त्यापुढच्या टप्प्यात वरचे मजले गोदाम होतात आणि शेवटी तळमजलाही ठोक व्यापाऱ्याचे गोदाम होऊ शकतो. मग दिवसा टेम्पो आणि सातनंतर शुकशुकाट.

आता मॉल आणि ऑनलाइनच्या शंकेबद्दल. माड्या मॉलमुळे रिकाम्या झाल्या नाहीत. मॉल यायच्या कितीतरी आधी त्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या. कारखाने आले: गुजरात रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, खतांचे आणि रसायनांचे मोठे उद्योग त्याच दशकात आले, मकरपुऱ्याला औद्योगिक वसाहत झाली. मुलांना तिकडे नोकऱ्या लागल्या, कारेलीबाग, अकोटा, मांजलपूर येथे सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि सामाईक संडास, पहाटे तासभर येणारे पाणी व स्कूटर लावायला जागा नसलेला बोळ यांना कंटाळलेली नवी सून तिकडे राहायला गेली. तिला दोष देता येणार नाही. म्हातारी माणसे मागे राहिली, आणि त्यांच्या पश्चात सहा वारसांच्या नावाची, कोणालाच विकता न येणारी कुलपे उरली.

भाडे नियंत्रणाच्या कायद्याने यात भर घातली. १९४७ चा मुंबई प्रांताचा कायदा गुजरातला वारसा म्हणून मिळाला. महागाईच्या दिवसांत भाडेकरूला आधार देण्याचा त्याचा हेतू योग्यच होता, पण दशकानुदशके भाडे गोठून राहिल्यामुळे मालकाला कौले बदलणेही परवडेनासे झाले. दुकानाच्या भाडेकरूला मात्र त्या गोठलेल्या भाड्याचे रूपांतर पागडीत करता आले. परिणाम असा की खालचे दुकान संगमरवरी आणि वरची माडी वाळवीने खाल्लेली, हे दृश्य एकाच घरात दिसू लागले. आपल्या दोन्ही दुकानांचे सध्याचे भाडे आपण कळवलेले नाही, परंतु त्यातून छपराची डागडुजी होत नसावी, हे मी न विचारताही समजू शकतो.

मॉलचा आणि ऑनलाइनचा मार बसला तो या आधीच अशक्त झालेल्या रस्त्याला, आणि तोही सगळ्यांना सारखा बसलेला नाही. ज्या वस्तूवर कंपनीचे नाव आणि ठरलेली किंमत छापलेली असते ती कोठूनही घेतली तरी तीच, म्हणून मोबाइल, घड्याळे आणि पुस्तके यांची दुकाने पहिल्यांदा हलली. याउलट मंगळ बाजारात जाऊन मॅचिंगच्या एखाद्या दुकानापुढे अर्धा तास उभे राहावे. बाई पिशवीतून साडी काढते, तिचा पदर काउंटरवर पसरते, दुकानदार मागच्या फळीवरून एकाच मोरपंखी रंगाचे पाच तागे उतरवतो, ती त्यांतले दोन घेऊन दुकानाच्या ट्यूबलाइटखालून बाहेर उन्हात येते, पदराला लावून पाहते आणि त्यांतला एक परत करते. त्या रंगाची परीक्षा पडद्यावर होत नाही. शिवाय एका दुकानात जुळला नाही तर शेजारी आणखी दहा आहेत, हा भरवसा तिला वाघोडिया रोडवरून इथवर आणतो. एका जातीची दुकाने एकत्र असली की ती एकमेकांचे गिऱ्हाईक पळवतात असे वाटते, प्रत्यक्षात ती मिळून सगळ्या शहराचे गिऱ्हाईक ओढतात. एकट्या वाण्याला हे बळ नसते. त्याला माडीच लागते.

सार्वजनिक कचेरी उठून गेल्याने काय होते याचे उदाहरण आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. न्यायमंदिरातले न्यायालय २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेले. नवी जागा आवश्यकच होती, कारण जुन्या इमारतीत गर्दी मावत नव्हती. पण न्यायालयाबरोबर वकील, टंकलेखक, मुद्रांक विकणारे, झेरॉक्सवाले आणि तारखेला आलेले पक्षकारही गेले, आणि हे पक्षकार तारीख पडली की सुरसागर तलावाच्या आसपास जेवत, मुलांना कपडे घेत आणि संध्याकाळच्या गाडीने गावी परतत. रावपुऱ्यातले आणि दांडिया बाजारातले पहिल्या मजल्यावरचे कितीतरी वकिलांचे फलक त्यानंतर उतरले. म्हणजे माड्यांवरून आधी कुटुंबे गेली आणि मग वकीलही गेले, आणि आपल्या मजल्याची किंमत पडलेली दिसते ती या दोन धक्क्यांनंतरची आहे. पडलेल्या भावाला कायमचा भाव समजून सौदा करू नये.

एक गोष्ट विषयाच्या किंचित बाजूची आहे, तरी सांगतो, कारण ती आपल्या घरालाही लागू असणार. जुना डांबराचा थर न खरवडता त्यावर नवा थर टाकत गेल्यामुळे कोटाभोवतीचे रस्ते वर्षानुवर्षे वर चढत आले आहेत. ज्या ओट्याला मी विद्यार्थी असताना तीन पायऱ्या मोजल्या होत्या, त्याला आज एकच उरली आहे. ओटा रस्त्याच्या पातळीला आला की त्यावर बसणे संपते, पावसाचे पाणी आत येते, दुकानदार उंबऱ्यावर सिमेंटचा बांध घालतो, आणि गुडघे दुखणारे गिऱ्हाईक त्या बांधापाशीच थांबून परत फिरते. आपल्या जिन्याची पहिली पायरी अर्धी रस्त्यात गाडली गेलेली असेल तर दुरुस्तीला तिथूनच सुरुवात करावी लागेल.

आता जिन्याकडे येतो. असाच एक प्रस्ताव वीसेक वर्षांपूर्वी कोटाच्या आतल्या एका कुटुंबाला आला होता आणि त्याचा नकाशा मीच काढून दिला होता. त्यांना पैशांची निकड होती, वर कोणी राहत नव्हते, आणि मागून लोखंडी जिना बसवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे होते. मला त्यात वावगे दिसले नाही. पहिली दोन वर्षे सगळे ठीक होते. पुढे दुकानदाराने वरची खोली खोके ठेवायला मागून घेतली. तिसऱ्या की चौथ्या पावसाळ्यात पन्हळीजवळचे कौल सरकले आणि पाणी सागाच्या तुळईच्या टोकावर पडत राहिले. वर माणूस राहत असता तर त्याच रात्री खाली पातेले लागले असते आणि सकाळी कारागीर आला असता. इथे दिवाळीच्या मालासाठी खोके हलवले तेव्हा तुळईचे टोक हाताने कुस्करावे इतके कुजलेले सापडले. शेवटी वरचा मजला उतरवावा लागला. त्या ओळीत नऊ घरे होती. एकाने केले म्हणून दुसऱ्याने केले, आणि आज तिथे दोनच जिने रस्त्यावर उघडतात. त्या दोन घरांखाली अजून एक दूधवाला आणि एक औषधांचे दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे असते, बाकी ओळ आठच्या आत बंद होते. तो नकाशा मी काढायला नको होता, असे मला आजही वाटते.

या अनुभवावरून पैशांचा हिशेब मी असा मांडतो. दुकानदार आपल्याला साडेतीन फूट रुंदीच्या बोळकांडीचे पैसे देत नाही. तो साडेतीन फूट दर्शनी भागाचे पैसे देतो, आणि दर्शनी भाग ही या रस्त्यावर नव्याने निर्माण न होणारी एकच वस्तू आहे. वरच्या दोन मजल्यांना किंमत आहे ती केवळ त्यांचे तोंड या रस्त्यावर उघडते म्हणून. ते तोंड मागच्या बोळात गेले की तिथे दवाखाना चालणार नाही, शिकवणी चालणार नाही, भाडेकरू कुटुंब यायला तयार होणार नाही. त्यानंतर आपले वरचे मजले विकत किंवा भाड्याने घेऊ शकेल असा एकच माणूस उरतो, आणि तो म्हणजे खालचा दुकानदार. एकच गिऱ्हाईक असलेल्या मालाला काय भाव मिळतो, हे बाजारात राहणाऱ्याला समजावण्याची गरज नाही. जिन्याच्या नावाने मिळणारी रक्कम प्रत्यक्षात जिना आणि दोन मजले यांची मिळून असते, आणि तशी पाहिली तर ती मोठी वाटेनाशी होते. यातच सहवारसांच्या संमतीचा, त्याच जिन्याखालून वहिवाट असलेल्या डावीकडच्या भाडेकरूचा आणि महानगरपालिकेच्या परवानगीचा प्रश्न आहे. त्यासाठी वकिलांचा लेखी सल्ला घ्यावाच, पण मुळात तो टप्पा येऊ देऊ नये, असे माझे मत आहे.

नुसते नाही म्हणून भागणार नाही, कारण रिकामी माडी राखून काहीच मिळत नाही. पहिला मजला आणि दुसरा मजला यांचा विचार वेगळा करावा. एक जिना चढायला लोक तयार असतात, दोन चढायला नसतात. म्हणून दुसरा मजला राहण्यासाठीच ठेवावा आणि पहिल्या मजल्यावरच्या पुढच्या खोल्या अशा व्यवसायाला द्याव्यात ज्याच्याकडे माणूस मुद्दाम येतो: दंतवैद्य, हिशेबनीस, ब्लाउज शिवणारी बाई, शिकवणी. मंगळ बाजारात मॅचिंग घेतलेल्या बाईला शिवणारी माणसे जवळ हवी असतात, आणि ही गरज कमी झालेली नाही. मागच्या खोल्यांसाठी मला आणखी एक भाडेकरू सुचतो. सुरसागरच्या काठी १८८६ पासून गायनशाळा आहे, आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची विद्याशाखा आहे, आणि तबला शिकणाऱ्या मुलाला सोसायटीच्या सदनिकेत रियाज करू देणारा घरमालक सहजी मिळत नाही. बाजारात त्या आवाजाची कोणाला अडचण नसते. अशी दोन मुले वर असली तर आत्याबाईंना रात्री हाक मारायला माणूस होईल आणि खालच्या दूधवाल्यालाही दोन गिऱ्हाइके वाढतील. करार मात्र लेखी, मुदतीचा आणि नोंदवलेला असावा. आपल्या आजोबांच्या काळातली तोंडी पद्धत पुन्हा नको.

यासाठी जिना चढण्याजोगा करावा लागेल. या घरांचे जिने बहुधा एका वितीहून उंच पायऱ्यांचे, कठडा नसलेले आणि वरून सोडलेला दोर धरून चढायचे असतात. आपलाही तसाच असणार. पायऱ्यांची उंची कमी करायला लांबी लागते, ती मागच्या चौकाच्या बाजूने काढता येते का ते प्रत्यक्ष मोजून पाहावे लागेल. तोवर दोन्ही बाजूंना हाताला धरायला लाकडी कठडा, प्रत्येक वळणावर दिवा, तोंडाशी दिवसा उघडे राहणारे दार आणि नजरेच्या उंचीवर नावांचा फलक, एवढे या उन्हाळ्यातच करून घ्यावे. जिन्याखालच्या विजेच्या मीटरांचीही पाहणी करावी. बंद खोल्यांचे मीटर काढून टाकले असतील तर ते पुन्हा घ्यायला वेळ लागतो.

राहता राहिला कपड्यांचा दुकानदार. त्याची अडचण खरी आहे आणि तो शत्रू नाही. दुकान अरुंद आहे, माल लावायला जागा नाही, आणि शेजारच्याची काच त्याच्या काचेहून मोठी आहे. या काळातल्या घरांच्या भिंती पुष्कळदा हातभर जाड असतात. तुळया आणि खांब कोठे टेकले आहेत हे पाहून, जिन्याच्या तोंडाशी त्याच्या बाजूच्या भिंतीत वीतभर खोल कोनाडा काढता येईल आणि त्याला काच लावून दोन पुतळे नव्हे, पण चार-पाच कपडे टांगता येतील असे रस्त्याकडे पाहणारे कपाट करून देता येईल. जिन्याची साडेतीन फूट वाट त्याने अडत नाही. त्याचे वेगळे मासिक भाडे ठरवावे, आणि माल ठेवायला पहिल्या मजल्याची एक मागची खोली, याच जिन्याने ये-जा करण्याच्या अटीवर, द्यावी. दिवसातून चार वेळा त्याचा मुलगा खोके घेऊन वर-खाली करू लागला की पायरी कोठे सैल झाली आहे हे सर्वांत आधी तोच येऊन सांगेल. त्याला नकार कळवण्याआधी हा प्रस्ताव त्याच्यापुढे ठेवावा, आणि बोलणी करताना आत्याबाईंना सोबत बसवावे. मागच्या लोखंडी जिन्याने त्यांचा गॅसचा सिलिंडर वर कसा जाणार होता, हे त्यांनाच त्याला विचारू द्यावे.